उठावाच्या ब्लँकेटला ही अ‍ॅक्रिलिक लोकर मस्त (४ स्टार)

बाळाला गिफ्ट द्यायला क्रोशाचं ब्लँकेट करायचं होतं, साधं सपाट नको, वॉफल स्टिचचं (चौकोनी खळग्यांच्या विणीचं) उठावदार, म्हणून ही मध्यम जाडीची अ‍ॅक्रिलिक लोकर घेतली आणि एकदम खूश आहे. ५.५ मिमीच्या सुईवर छान पळते, धागा पिंजत नाही, आणि मेन म्हणजे खालच्या ओळीचा खांब (क्रोशाचा उंच उभा टाका) पुढून उचलून विणला की चौकोन कसे स्पष्ट उठून दिसतात! वेलवेट लोकरीत ही मजा नाही, हाताला मऊ लागते खरी पण टाकेच दिसत नाहीत, मोजायचे तरी कसे.

उठावाच्या विणीला लोकर मात्र भरपूर लागते, साध्या खांबांपेक्षा बरीच जास्त, त्यामुळे सगळे गुंडे एकदमच घ्या आणि लेबलवरचा डाय लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर) सारखाच आहे ना बघा, नाहीतर मध्येच शेड बदललेली दिसते. एका गुंड्यात गाठ निघाली, त्याचा एक स्टार कापला.

मशीनमध्ये धुता येतं हे गिफ्टसाठी बेस्ट, बाळाच्या आईला हाताने धू म्हणून कोण सांगणार :) पण इस्त्री अजिबात नको, गरम लागलं की अ‍ॅक्रिलिक कायमचं लुळं पडतं आणि सगळा उठाव सपाट.