कॅन्युला, मिडलाइन, पिक की सेंट्रल लाइन?

रुग्णाला कोणती लाइन, म्हणजे औषधासाठी शिरेत ठेवायची नळी, घालायची हे बऱ्याचदा हाताशी काय आहे, कोणाला काय जमतं आणि आज शीर सापडते की नाही यावरून ठरतं. खरं तर विचारायचं असतं ते एवढंच: कोणतं औषध जाणार आहे, आणि किती दिवस?

औषध शिरेला सोसणारं असेल आणि उपचार पाच दिवसांत आटोपणार असतील, तर हाताच्या शिरेतला साधा कॅन्युला, म्हणजे छोटी नळी, पुरतो. त्याची अडचण म्हणजे शीर लाल होऊन सुजते किंवा औषध शिरेबाहेर झिरपतं. पूर्वी दर तीन-चार दिवसांनी तो बदलायची शिस्त होती. 2012 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत मात्र ठरावीक दिवशी बदललेल्या आणि गरज पडेल तेव्हाच बदललेल्या, अशा दोन्ही गटांत शीर सुजण्याचं प्रमाण सारखंच, 7 टक्के निघालं. पण गरज आहे की नाही हे कळायला दर पाळीत कोणीतरी पट्टीखालची त्वचा बघायला हवी. बघणारं कोणी नसेल, तर हा नियम घातकच.

सहा ते चौदा दिवसांच्या प्रतिजैविकांसाठी मिडलाइन मला जास्त पटते. सोनोग्राफीवर बघत ती दंडाच्या शिरेत घालतात आणि तिचं टोक काखेजवळच थांबतं. रोज नवी टोचणी नाही, छातीचा एक्स-रे नाही. धोका आहे तो तिच्या दिसण्यात. बाहेरून ती हुबेहूब पिकसारखी (PICC, दंडातून मोठ्या शिरेपर्यंत नेलेली लांब नळी) दिसते, त्यामुळे मोठ्या शिरेतूनच द्यायची तीव्र औषधं कोणी चुकून तिच्यातून सोडू शकतं. म्हणून लाइनवर ‘मिडलाइन’ अशी ठळक चिठ्ठी हवीच.

पिक दंडातूनच जाते, पण तिचं टोक हृदयाच्या वरच्या मोठ्या शिरेत पोहोचतं. दीर्घ केमोथेरपी किंवा शिरेतून द्यायचं पूर्ण पोषण असेल, तर ती योग्यच. मात्र ‘रक्त काढायला सोपं’ या कारणासाठी ती घातलेली दिसली की मला वाईट वाटतं. दंडाच्या शिरेत गुठळी होण्याची शक्यता पिकमध्ये सेंट्रल लाइनपेक्षा (मान, गळपट्टीच्या हाडाखालून किंवा जांघेतून मोठ्या शिरेत घालायची नळी) जास्त असते, आणि दाखल रुग्णांत जंतुसंसर्गाचा धोका काही कमी नसतो. मूत्रपिंडं बरीच खालावलेली असतील तर पिक शक्यतो टाळाच. पुढे डायलिसिसच्या फिस्टुलासाठी, म्हणजे धमनी आणि शिरेच्या जोडणीसाठी, लागणारी शीर आज खराब होईल. घालायचीच ठरली, तर आत औषधाचा एकच मार्ग असलेली घ्या. जादा मार्ग म्हणजे जंतूंना जादा दार.

रक्तदाब कोसळलाय, एकाच वेळी तीन-चार औषधं चालवायची आहेत, अशा वेळी अतिदक्षता विभागात सेंट्रल लाइनच लागते. जागेच्या निवडीत मात्र प्रत्येक वेळी काहीतरी सोडावं लागतं. 2015 मध्ये आलेल्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत गळपट्टीच्या हाडाखालच्या जागेत संसर्ग आणि गुठळ्या मिळून सर्वांत कमी होत्या, पण फुप्फुसाला इजा होऊन छातीत हवा भरण्याचे प्रसंग तिथेच जास्त. म्हणून श्वास आधीच अडचणीत असलेल्या रुग्णात सोनोग्राफीवर मानेतून घालणं मला बरं वाटतं. जांघेतली घाईत घालावी लागली, तर परिस्थिती सावरताच काढावी.

यात जंतू कुठून शिरतात हे कळलं, की उपायही कळतात. अमेरिकेत मिशिगनमधल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी पाच गोष्टी पाळल्या: हात धुणं, लाइन घालताना टोपी-मास्क-गाऊन आणि रुग्णावर पूर्ण निर्जंतुक चादर, त्वचेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, शक्यतो जांघ टाळणं आणि नको असलेली लाइन काढणं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात 18 महिन्यांत रक्तातल्या संसर्गाचा दर जास्तीत जास्त 66 टक्क्यांनी घटला. यात महागडं काही नाही. नंतरच्या दिवसांत प्रत्येक वेळी औषध देण्याआधी हबचं, म्हणजे सिरिंज जोडायच्या बाहेरच्या टोकाचं, तोंड अल्कोहोलने घासून वाळू देणं आणि ओली किंवा सुटलेली पट्टी लगेच बदलणं, हे त्याच्याइतकंच मोलाचं. पट्टी नीट चिकटलेली असली तरी पारदर्शक असेल तर सात दिवसांनी आणि गॉजची असेल तर दोन दिवसांनी बदलायची.

यांतली कोणतीही लाइन निवडा, रोजच्या फेरीत ‘ही आज का ठेवलीय?’ हे मोठ्याने विचारा. चादरीखालची लाइन उपचार करणारेच विसरतात, आणि विसरलेली लाइन संसर्गाला उघडी असते. उत्तर मिळालं नाही तर काढा. मानेतली किंवा हाडाखालची सेंट्रल लाइन काढताना मात्र रुग्णाला बसवून ठेवू नका: आडवं झोपवून, डोकं थोडं खाली ठेवून काढा, भोक दाबून धरा आणि त्यावर हवाबंद पट्टी लावा, नाहीतर त्याच वाटेने हवा शिरेत ओढली जाते.