फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीला इंजिन कुठलं, ३९० की ६००?

फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसगाड्यांची स्पर्धा. तिचे नियम ७१० सीसीपर्यंतच्या इंजिनाची मुभा देतात, पण पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून घ्यायला लावतात. म्हणून होंडा सीबीआर ६०० या बाइकचं चार सिलिंडरचं इंजिन कागदावर दिसतं तेवढं पळत नाही. वरच्या आरपीएमला त्याचा श्वास कोंडतो. तरी ७५ मीटरच्या सरळ धावेत ते भारीच. आवाज तर विचारूच नका.

केटीएम ३९०चं जुनं ३७३ सीसीचं सिंगल सिलिंडर हलकं आणि अरुंद. गाडीची मागची बाजू आटोपशीर बसते, ऑटोक्रॉसच्या, म्हणजे वळणदार ट्रॅकवरच्या एका फेरीच्या, वळणावळणांत तेच कामी येतं. शिवाय ही बाइक चाकणला बनते. क्लच प्लेट पुण्यात सकाळी शोधायला निघालो तर संध्याकाळी हातात. ६००चा पार्ट येईपर्यंत सबमिशन उरकतात! पण सिंगल एकेका घोटात हवा ओढतं, म्हणून प्लेनम, म्हणजे इंजिनाआधीचा हवेचा डबा, मोठा लागतो. थरथर तर एवढी, की आमच्या क्रँक सेन्सरचा (इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचा) कनेक्टर झिप टाय असूनही निसटला.

खरा घाम फुटतो २२ किलोमीटरच्या एंड्युरन्सला, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीला. मध्यावर ड्रायव्हर बदलतो आणि तापलेलं इंजिन पुन्हा सुरू व्हावंच लागतं. पहिलीच गाडी असेल तर मी डोळे झाकून ३९० घेईन. ६००, वायरिंग कोळून प्यायलेला सीनिअर टीममध्ये असेल तरच.