मार्करचं पॅकेज: रक्त घेण्याचं काम चोख, रिपोर्टने मात्र एक रात्र झोप उडवली

बाबांना फ्लूचा न्यूमोनिया झाला, ऑक्सिजन 94च्या आसपास, डॉक्टर म्हणाले सध्या घरीच ठेवा पण मार्कर (आजार किती जोरात आहे ते दाखवणारे रक्तातले आकडे) बघत राहू, म्हणून या लॅबचं घरी येऊन सॅम्पल नेण्याचं पॅकेज तीनदा घेतलं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा), डी-डायमर (रक्तात गुठळ्या होतायत का याचा अंदाज देणारा), एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारा), फेरिटिन आणि वर आयएल-6 (हे दोन्ही पुन्हा सुजेचेच) पण होतं, ते डॉक्टरांनीच काट मारून काढायला लावलं. कोविडसाठी 2020 मध्ये जो 4सी स्कोअर (दाखल पेशंटच्या जिवाला किती धोका आहे ते सांगणारा) निघाला त्यात आठच गोष्टी आहेत आणि रक्तातल्या फक्त दोन, युरिया आणि सीआरपी, बाकी वय, श्वासाचा वेग, ऑक्सिजन असंच, त्यामुळे महागडं पॅकेज म्हणजे जास्त कळतं असं अजिबात नाही.

रक्त घ्यायला आलेल्या ताई एकदम कामाच्या. निळ्या झाकणाची ट्यूब बरोब्बर रेघेपर्यंत भरली, कमी भरली तर डी-डायमर चुकतो म्हणाल्या. दुसऱ्या वेळी लॅबमधूनच फोन आला की सॅम्पलमधल्या पेशी फुटल्यात, एलडीएच उगाच जास्त येईल, परत घेतो, आणि तासाभरात माणूस दारात! हे मला फार आवडलं, कारण तसाच रिपोर्ट पाठवून दिला असता तर आम्हाला काय कळणार होतं.

आता तक्रार. आधी दुसऱ्या एका लॅबमध्ये डी-डायमर 410 आला होता, इथे दोन दिवसांनी 860, तोही लाल अक्षरात. आई रात्रभर बाबांच्या उशाशी बसून. सकाळी डॉक्टरांनी बघितलं तर पहिला डीडीयूमध्ये आणि हा एफईयूमध्ये, म्हणजे डी-डायमर मोजायची दोन वेगळी युनिटं, एफईयूचा आकडा साधारण दुप्पटच येतो, म्हणजे फरक जवळपास काहीच नव्हता! ही एक ओळ रिपोर्टवर ठळक छापायला काय हरकत आहे?? लिम्फोसाइटचंही (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तेच, 9 टक्के मोठ्या अक्षरात आणि खरा आकडा 700 खाली बारीक, डॉक्टर आधी तोच शोधत होते, हजाराच्या खाली गेला की ते जास्त लक्ष ठेवतात.

सीआरपी 84, मग 61, मग 22. तिन्ही वेळा एकाच लॅबमध्ये केलं म्हणून उतार सरळ दिसला. तिसऱ्या रिपोर्टला लिम्फोसाइट 1300 झाले आणि त्या दिवशी बाबांनी स्वतःहून चहा मागितला.

चार स्टार. एक कापला तो युनिटसाठी.