तबला की पेटी? लहान मुलांचा पहिला क्लास

पेटीचा फायदा उघड आहे. पट्टी दाबली की सूर तयार. सात-आठ वर्षांचं मूल थोड्याच दिवसांत भूप रागाचे आरोह-अवरोह (चढते-उतरते सूर) वाजवतं आणि घरचे खूश. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, त्यामुळे दोन हातांना दोन वेगळी कामं करायची सवय लागते. पण सूर आयता मिळतो, हीच खोट. दोन पट्ट्यांमधली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, पेटीतून निघत नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं, त्यामागे असेच आक्षेप होते. म्हणून पेटीसोबत मुलाने गायलंच पाहिजे, नाहीतर कान तयार होत नाही.

तबल्याची सुरुवात रुक्ष. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकवून तर्जनीने किनारीवर मारलं की 'ना' निघतो. मुलांचं बोट मात्र हमखास घसरतं. तोवर घरात नुसती टकटक (शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा). पण टाळी देत तीनतालाच्या १६ मात्रा म्हणणं, नवव्या मात्रेला टाळी न देता 'खाली' दाखवणं, मग तेच बोल दुगुनीत (दुप्पट वेगात) बसवणं यातून लक्ष टिकवायची जी सवय लागते, ती पेटीवर इतक्या लवकर लागत नाही.

दिवसभर गुणगुणणाऱ्या मुलाला पेटी द्यावी. बाकावर ठेका धरणाऱ्या चुळबुळ्याला तबलाच. परीक्षा दोन्हीकडे आहेत. पहिल्या, म्हणजे प्रारंभिक परीक्षेची घाई नको. पावसाळ्यात तबल्याचा सूर उतरतो, तेव्हा तो चढवायला हातोडी हाताशी ठेवा.