मेटिओर ३५० : सीट करून घेतली, सायलेन्सर कंपनीचाच ठेवला

रॉयल एन्फिल्डची मेटिओर ही क्रूझर, म्हणजे आरामात पाय पुढे टाकून लांब चालवायची बाईक. ती घेतली की जो भेटतो तो विचारतो, सायलेन्सर कधी बदलतोयस? माझं मत विचाराल तर या गाडीवर पैसे घालायचेच असतील तर आधी सीटवर घाला.

सायलेन्सरचं आधी सांगून टाकतो. ३४९ सीसीचं हे इंजिन २० बीएचपीच्या आसपास पॉवर देतं आणि त्याची खरी मजा खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन कमी वेगाने फिरत असताना आहे, २७ एनएम टॉर्क (इंजिनची ओढ) ४००० आरपीएमलाच मिळतो. मित्राच्या मेटिओरवर बाहेरचा छोटा सायलेन्सर आहे, ती मी भरपूर चालवली, आवाज भारी येतो यात वाद नाही पण पिकअपमध्ये मला काडीचा फरक जाणवला नाही, उलट थ्रॉटल सोडला की फट् फट् सुरू. बीएस६ म्हणजे प्रदूषणाच्या कडक नियमातल्या गाडीचं मिक्स्चर आधीच लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, त्यामुळे ते कधीकधी नीट पेटत नाही, त्यात एक्झॉस्ट मोकळा केला की न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात जाऊन पेटतं, म्हणून ते फटाके. हायवेवर तासभर तोच आवाज हेल्मेटमध्ये घुमला की डोकं उठतं. आणि कायद्याचं बघा, १७५ सीसीच्या वरच्या बाईकला ८० डेसिबलची मर्यादा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० पर्यंत जाऊ शकतो, शिवाय लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. आपल्याकडे पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवलेत, फोटो सगळ्यांनी बघितलेत. कंपनीच्या सायलेन्सरचा तो दबका धकधक आवाज मला तरी मनापासून आवडतो, आणि पहाटे सोसायटीतून निघताना कुणाची झोप मोडत नाही.

आता सीट. क्रूझरची बसणीच अशी की पाय पुढे जातात, त्यामुळे अंगाचा सगळा भार माकडहाडावर येतो, खड्डा आला तरी फूटपेगवर जोर देऊन नीट उठता येत नाही. पुण्याहून कोल्हापूरला निघालं की साताऱ्यापर्यंत मस्त, कराड आलं की बूड बधिर! कंपनीची टूरिंग सीट मिळते, बोल्ट लावला की बसते, पण ती सगळ्यांच्या मापाची, मला माझ्या मापाची हवी होती म्हणून नाना पेठेत सीटचं काम करणाऱ्या एका काकांकडे गेलो.

काकांनी आधी मला गाडीवर बसवलं, दोन्ही पाय टेकायला लावले, मग खडूने खुणा केल्या. मी म्हटलं काका एकदम मऊ करा, तर म्हणाले, "मऊ नको दादा, मऊ फोम अर्धा तास छान वाटतो, मग दबतो आणि खालची पाटी टोचायला लागते." त्यांनी मूळ फोम वरून कापला, त्यावर कडक फोमचा थर चिकटवला आणि माकडहाडाखाली चर काढली. पुढचा भाग दोन्ही बाजूंनी थोडा छाटला, त्यामुळे मूळची ७६५ मिमी उंची तेवढीच राहून पाय उलट जास्त नीट टेकतात. माझी उंची पाच फूट पाच, मला याचा फार उपयोग झाला.

डायमंड शिलाई दिसायला झकास पण बसायच्या जागी घेऊ नका, पावसात टाक्यांतून पाणी आत जातं आणि फोम दिवसभर ओला राहतो. मी शिलाई फक्त बाजूला घेतली, कव्हरखाली प्लास्टिकचा कागद घालायला लावला आणि वर साधं खरखरीत रेक्झिन, ब्रेक मारला तरी पुढे घसरायला होत नाही. सगळं तीन हजारांच्या आत बसलं, काम एका दुपारचं. आता कोल्हापूर एका चहावर होतं, कंबर दुखत नाही, खरंच खूप समाधान आहे.

तुम्ही करून घेणार असाल तर कव्हर ठोकायच्या आधी नुसत्या फोमवर बसून एक चक्कर मारून या, तेव्हा सांगितलं तर लगेच तासून देतात, एकदा पिना मारल्या की परत उघडायला सगळेच कंटाळतात.