महाराष्ट्र निसर्ग उद्यान : क्षेपणभूमीवर वाढलेले वन

फुलांचे ताटवे, कारंजी आणि घसरगुंड्या यांच्या ओढीने जाणाऱ्यांसाठी धारावीलगतचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान नव्हे. त्यांनी राणीची बाग गाठावी. ज्यांना शहराने नासवलेली जमीन पुन्हा लोकांच्या उपयोगाला कशी आणता येते हे प्रत्यक्ष पाहायचे आहे, त्यांना मात्र मुंबईत याहून चांगली जागा सापडणार नाही.

शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, मिठी नदीच्या काठी असलेल्या या सुमारे 37 एकर जागेवर पूर्वी क्षेपणभूमी होती, म्हणजे शहराचा कचरा येथे पडत असे. 1983 मध्ये डॉ. सलीम अली यांच्या हस्ते येथे वृक्षारोपण झाले आणि उद्यान लोकांसाठी खुले झाले ते 22 एप्रिल 1994 रोजी. मधली ही अकरा वर्षे मला या उद्यानाचा सर्वांत मोठा गुण वाटतात. पुरलेला कचरा वर्षानुवर्षे कुजत राहतो, त्यातून मिथेन निघतो, काळे विषारी पाणी झिरपते आणि जमीन कुठे कमी, कुठे जास्त खचते. अशा जमिनीवर मातीचे थर देऊन झाडे वाढवली, तर थोडीफार खचण सहज खपते आणि वायूही मोकळ्या हवेत विरून जातो. बंद खोल्यांच्या इमारतीला यातले काहीच मानवत नाही. मालाडच्या जुन्या क्षेपणभूमीवर उभ्या राहिलेल्या कार्यालयांमध्ये वायूंमुळे संगणक बिघडत असल्याच्या तक्रारी पुढे आल्या, त्या याच कारणाने. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही क्षेपणभूमी बंद केल्यावर किमान 15 वर्षे देखरेखीची अट घातली आणि त्यानंतरही वायू, झिरपणारे पाणी व जमिनीची स्थिरता तपासल्याखेरीज तेथे वस्तीचा विचार करू नये असे सांगितले.

आत शिरल्यावर दाट सावली, पक्ष्यांचे आवाज आणि पावसाचे पाणी साठवणारे तळे यांमुळे पायाखाली काय आहे याचा विसर पडतो. तो पडू नये, असे मला वाटते. कचरा येथून उचलून नेलेला नाही, तो झाकलेला आहे. झाडे जोमाने वाढली म्हणजे माती निर्धोक झाली, असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण शिसे किंवा कॅडमियम असे विषारी धातू असलेल्या मातीतही कित्येक झाडे हिरवीगार दिसतात. पालेभाज्या तर कॅडमियम सहज शोषून घेतात. त्यामुळे अशा जागी परसबागेची हौस असणाऱ्या संस्थांनी बाहेरून आणलेल्या, तपासलेल्या मातीचे उंच वाफे करावेत, हेच बरे. माझ्या मते अशा प्रत्येक उद्यानाच्या दाराशी झाडांच्या नावांइतक्याच ठळक अक्षरांत माती आणि भूजल यांच्या ताज्या तपासणीचे आकडे लावलेले असावेत.

गोराईची 19.6 हेक्टरची क्षेपणभूमी 2007 मध्ये बंद झाल्यावर तेथे वेगळी वाट धरली गेली : ढिगाऱ्याला उतार देऊन वर अभेद्य आच्छादन घातले आणि वायू गोळा करण्याची व्यवस्था केली. तो मार्ग अधिक खात्रीचा आहे, पण खर्चिकही आहे, आणि धारावीसारख्या दाटीच्या वस्तीशेजारी मिळणारी सावली त्यातून आपोआप उभी राहत नाही.

पाचपैकी चार गुण. कापलेला एक गुण ओहोटीच्या वेळी मिठीकडून येणाऱ्या दुर्गंधीचा आहे. त्याबद्दल उद्यानाला जबाबदार धरणे अन्यायाचे होईल, परंतु नाकाला हा युक्तिवाद पटत नाही. शाळेच्या सहली न्यायच्या असतील तर पावसाळा ओसरल्यावर न्याव्यात, कारण तेव्हा फुलपाखरे भरपूर असतात. डासही असतात, तेव्हा मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालण्यास सांगावे आणि समूहभेटीसाठी आधी चौकशी करून ठेवावी.