जास्त लेगरूमच्या सीटचे पैसे भरले, काउंटरवर मात्र साधी सीट: फसवणूक नेमकी कुठे होते

आई-बाबा मुंबईहून नेवार्कला निघालेत. थेट विमान, पंधरा-सोळा तासांचा प्रवास. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून तिकडच्या मुलानं इथल्या एजंटला सांगून ठेवलंय, दोघांना पाय मोकळे ठेवता येतील अशा सीट घ्या, पैसे किती ते कळवा. एजंट दोन सीटचे म्हणून वीस-पंचवीस हजार घेतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सीट मॅपचा फोटो पाठवतो. चेक-इन काउंटरवर कळतं की दोघांना साध्या सीट लागल्यात, त्याही एकमेकांपासून लांब. काउंटरवरची मुलगी म्हणते, आमच्याकडे पैसे भरल्याची नोंदच नाही. रात्री दीड वाजता त्या दोघांनी कुणाशी भांडायचं?

तिकिटांच्या कामात असलेल्यांना हा प्रसंग चांगलाच ओळखीचा आहे. पैसे देणारा एक, प्रवास करणारे दुसरे आणि बुकिंग तिसऱ्याच्या हातात असतं, म्हणून ही लबाडी खपते. मुलाकडे फोटो असतो, आई-बाबांकडे काहीच नसतं. आणि तो फोटो बहुतेक वेळा खोटा नसतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

एजंटच्या सिस्टिममध्ये पैसे लागणारी सीट आधी नुसती धरून ठेवता येते. नकाशावर त्या चौकोनात खूण येते, बुकिंगमध्ये सीट नंबर दिसतो. पण ती अजून विकली गेलेली नसते. विमान कंपनीनं दिलेल्या मुदतीत तिचे पैसे भरून पावती काढली नाही, तर सिस्टिम ती सीट आपोआप सोडून देते. फसवणारा एजंट सीट धरतो, स्क्रीनशॉट काढतो, तुमच्याकडून पैसे घेतो आणि पावती काढतच नाही. मुदत उलटली की सीट दुसऱ्याला मोकळी होते. नंतर विचारलं तर 'कंपनीनं बदलली, आमच्या हातात नाही' हे उत्तर तयार असतं.

म्हणून फोटो मागू नका, पावती मागा. बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांमध्ये सीटच्या पैशांची वेगळी पावती निघते, तिला ईएमडी म्हणतात. तिचा नंबर तेरा अंकी असतो आणि पहिले तीन अंक कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, कतार एअरवेजचे १५७, लुफ्तान्साचे २२०, ब्रिटिश एअरवेजचे १२५. तिकिटाचा नंबरही तेरा अंकी असतो आणि त्याच तीन अंकांनी सुरू होतो. एजंट तिकिटाचाच नंबर पुढे करून 'ही घ्या सीटची पावती' म्हणतो, तेव्हा लोक इथेच गंडतात. दोन्ही नंबर शेजारी शेजारी ठेवून बघा. ते वेगळे असलेच पाहिजेत, आणि दोन प्रवासी असतील तर सीटच्या पावत्याही दोघांच्या नावानं हव्यात. काही स्वस्त विमान कंपन्यांमध्ये ईएमडी नसते. तिथे कंपनीच्या ई-मेलमध्ये सीट नंबर आणि तिची रक्कम वेगळ्या ओळीत छापलेली असते. ती ओळ नसेल तर सीट विकत घेतलेली नाही असंच धरा.

मग स्वतः जाऊन बघा. विमान कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर 'मॅनेज बुकिंग' उघडा, सहा अक्षरी पीएनआर आणि तिकिटावर आहे तसंच आडनाव टाका. एजन्सीचा बुकिंग नंबर, तो लांबलचक आकडा, इथे चालत नाही. पीएनआर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून सीट घेऊच नका, तिकीटही नको. कोडशेअर असेल, म्हणजे तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल, तर प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीचा पीएनआर बहुधा वेगळा असतो. तो मागून घ्या, कारण सीट तिच्या सिस्टिममध्ये दिसली तरच खरी. एका बाजूला दिसणारी सीट दुसऱ्या बाजूला पोचलेलीच नसते, असं वरचेवर होतं. एकदा पाहून सोडूनही देऊ नका. तिकीट काढल्यावर दोन दिवसांनी, निघण्याच्या आदल्या आठवड्यात आणि वेब चेक-इन उघडल्या उघडल्या, असं तीनदा बघा. तारीख बदलून तिकीट नव्यानं काढलं असेल तर जुनी सीटची पावती नव्या तिकिटाला जोडून घ्यावी लागते. ते राहिलं की सीट गेलीच.

दुसरा प्रकार अधिक चीड आणणारा आहे, कारण यात सीटची विक्री खरी होते आणि तरीही माणूस तिथे बसू शकत नाही. ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर मागितलेली असते आणि त्याच बुकिंगवर एजंट एक्झिट रोची सीट विकतो. आपत्कालीन दरवाजाशेजारी बसणारा माणूस गरज पडली तर दरवाजा उघडायला, लोकांना बाहेर काढायला मदत करू शकेल असा असावा लागतो. व्हीलचेअर मागितलेली व्यक्ती, गरोदर बाई, तान्हं बाळ सोबत असलेले आईवडील, सीटबेल्टला जोडपट्टा लागणारा प्रवासी, केबिन क्रूच्या सूचना न समजणारा प्रवासी यांना तिथे बसवत नाहीत. लहान मुलांनाही नाही, अमेरिकेच्या नियमात किमान वय १५ आहे. सत्तरी उलटली म्हणून कुणी आपोआप अपात्र ठरत नाही, पण व्हीलचेअरची नोंद असली की प्रश्नच मिटतो. क्रू उठवतो, आणि बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये प्रवासी स्वतः अपात्र असेल तर सीटचे पैसे परत मिळत नाहीत. एजंटला हे सगळं ठाऊक असतं. व्हीलचेअरची मागणी त्यानंच टाकलेली असते ना!

अशा आई-बाबांसाठी एक्झिट रो सोडून इतर जास्त लेगरूमच्या सीट बघाव्यात. काही कंपन्या इकॉनॉमीच्या पुढच्या भागात रांगांमधलं अंतर वाढवून त्या विकतात. तिथे दरवाजाची अट नसते, समोरच्या सीटखाली पाय लांबवता येतात आणि हाताशी पर्सही ठेवता येते. गुडघ्याच्या दुखण्याला आइलची, म्हणजे मधल्या वाटेकडची, सीट बरी, दर दीड-दोन तासांनी कुणाला न उठवता चालता येतं.

सीट विकताना जे सांगितलं जात नाही, तेही जाणून घ्या. जाहिरातीत आकडा असतो तो पिचचा. पिच म्हणजे एका सीटवरच्या खुणेपासून पुढच्या सीटवरच्या त्याच खुणेपर्यंतचं अंतर. सीटच्या पाठीची जाडी त्यातच धरलेली असते, त्यामुळे पिच म्हणजे गुडघ्यापुढची मोकळी जागा नव्हे. लांबच्या प्रवासात साध्या सीटचा पिच साधारण ३१-३२ इंच, जास्त लेगरूमच्या सीटचा ३४ ते ३६. दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर, जेमतेम तीन बोटं. त्यासाठी किती मोजायचे ते तुम्ही ठरवा, पण आकडा विचारून ठरवा.

बल्कहेडची, म्हणजे भिंतीसमोरची, पहिली रांग सगळ्यांना हवीशी वाटते. गुडघे कुठे टेकत नाहीत हे खरं, पण भिंत असल्यामुळे पाय सरळ करता येत नाहीत, आणि उंच माणसाला हाच त्रास होतो. ट्रे आणि बऱ्याचदा स्क्रीनही सीटच्या आर्मरेस्टमधून बाहेर काढायची असते, त्यामुळे मधला आर्मरेस्ट वर होत नाही आणि बसायची जागा थोडी अरुंद होते. उड्डाण आणि उतरताना पर्स, औषधांची पिशवी, सगळं वर ठेवावं लागतं. बाळांचे पाळणे याच भिंतीला लागतात. बाळ असलेलं कुटुंब आलं तर पैसे भरलेल्या माणसालाही हलवतात, तशी अट छापलेली असते.

एक्झिट रोमध्ये खिडकीची सीट म्हणजे सगळ्यात मोकळी असं समजून लोक जास्त पैसे देतात. मोठ्या विमानात दरवाजाच्या आतल्या बाजूला, संकटात बाहेर पडायला लागणाऱ्या घसरगुंडीचा फुगवटा असतो, तो नेमका खिडकीकडच्या प्रवाशाच्या पायाशी येतो. दरवाजाजवळ गारठाही जास्त, शाल जवळ ठेवा. शेजारी टॉयलेट असेल तर रात्रभर लोक पायाशी येऊन उभे राहतात. छोट्या विमानात पंखावर एकापाठोपाठ दोन एक्झिट रो असतील, तर पुढच्या रांगेची पाठ मागे जात नाही. मुंबईहून दिल्लीला जाऊन पुढचं विमान घेणाऱ्यांना हे लागू पडतं.

'प्रीमियम' या शब्दावरून होणारी फसवणूक थोडक्यात सांगतो. जास्त लेगरूमची इकॉनॉमी आणि प्रीमियम इकॉनॉमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युनायटेडचंच बघा. त्यांची 'इकॉनॉमी प्लस' म्हणजे तीच सीट, तेच जेवण, फक्त पायाला जास्त जागा. 'प्रीमियम प्लस' ही वेगळी केबिन, रुंद सीट, वेगळं भाडं. एजंट पहिली देतो आणि दुसरीच्या जवळपासचे पैसे घेतो. ई-तिकिटावर केबिन कोणती छापली आहे ते वाचा. इकॉनॉमी असेल, तर तुम्ही इकॉनॉमीतच बसणार आहात.

कधीकधी एजंट प्रामाणिक असतो आणि सीट तरीही जाते, कारण कंपनी विमान बदलते. बोइंग ७७७ च्या जागी ७८७ आलं की रांगांचे नंबर, एक्झिटच्या जागा, सगळंच बदलतं आणि सिस्टिम प्रवाशांना नव्या नकाशात कुठेही टाकते. इथे पैसे परत मागायचा तुमचा हक्क असतो, पण बऱ्याचदा मागितल्याशिवाय कुणी देत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या विमानांना २८ ऑक्टोबर २०२४ पासून तिथला नियम लागू आहे. पैसे भरून घेतलेली सेवा, त्यात सीटही आली, कंपनीनं दिली नाही तर तिचे पैसे परत करायचे. क्रेडिट कार्डानं भरले असतील तर कामाच्या सात दिवसांत, इतर मार्गानं भरले असतील तर वीस दिवसांत. पावती कंपनीची असेल तर हे सरळ होतं. पैसे एजंटच्या खात्यात गेले असतील तर कंपनी त्याच्याकडे बोट दाखवते. शक्य असेल तर तिकीट कुणाकडूनही घ्या, पण सीट कंपनीच्या वेबसाइटवरून स्वतःच्या कार्डावर घ्या. कार्डाच्या स्टेटमेंटवर कंपनीचं नाव आलं की निम्मं काम झालं.

आता सगळ्यात महागात पडणारा प्रकार. सीट गेल्याचं कळल्यावर माणूस घाईघाईनं गूगलवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधतो आणि वर आलेला पहिला नंबर लावतो. तो नंबर भामट्याचा असू शकतो. पलीकडचा माणूस छान बोलतो, पीएनआर विचारतो, सीट परत देतो म्हणतो. मग स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगतो, किंवा पाच रुपये भरायची लिंक पाठवतो. पैसे परत यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांना आजच सांगून ठेवा. नंबर घ्यायचा तो कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा तिकिटाच्या ई-मेलमधून. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन करा आणि बँकेत तक्रार नोंदवा. ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्यावर येतं, म्हणून उशीर नको.

बुकिंगच्या वेबसाइटवर सीट आपोआप निवडलेली दिसली तर ती काढून टाका. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं हे २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या वेबसाइटच्या युक्त्यांविषयीच्या, केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बेकायदा आहे. 'सीट घेतली नाही तर मुलं वेगळी बसतील' ही भीतीही भारतात चालत नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी, असा डीजीसीएचा, म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकाचा, एप्रिल २०२४ चा आदेश आहे.

काउंटरवर सीट नाही असं कळलं तर आवाज चढवण्याआधी दोन गोष्टी करा. ईएमडीचा नंबर दाखवा आणि सीट का बदलली याची नोंद बुकिंगमध्ये टाकायला सांगा. बोर्डिंग पास उतरल्यावर फेकू नका, फोटो काढून ठेवा. विकत घेतलेली सीट आणि मिळालेली सीट वेगळी होती याचा तोच पुरावा. आधी कंपनीला लेखी तक्रार, मग एअरसेवा हे सरकारी तक्रार पोर्टल, एजंटविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. अर्जाला पीएनआर, तिकीट नंबर, एजंटला पैसे पाठवल्याचा यूपीआय व्यवहार क्रमांक आणि त्यानं पाठवलेला तो सीट मॅपचा फोटो जोडा. फोटो चॅटमधून उडवू नका. त्यावरची तारीख आणि वेळ तिथे उपयोगी पडते.